साडीवर गॉगल? का नाही!

सदर : रोजचा पेहराव

मार्च संपत आला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा नूर पालटतो. लग्नसराईत काठापदराच्या साडीवर ब्लाऊज कसं शिवावं, असं विचारणाऱ्या मैत्रिणी एकदम सुती कापड, घाम आणि ऊन या विषयांवर येतात. यंदाच्या ढिगातलं एक पत्र मात्र मी बाजूला काढून ठेवलं. ते नागपूरच्या एका शिक्षिकेचं होतं. थोडक्यात मजकूर असा :

"वय ४१. रोज साडी नेसून स्कूटरवरून शाळेत जाते. सकाळी ऊन तोंडावर, परत येताना माथ्यावर. डोळे चुरचुरतात म्हणून डॉक्टरांना दाखवलं, तर म्हणाले, उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात वडस वाढायला लागला आहे, ऊन आणि धूळ टाळा, बाहेर पडताना गॉगल लावा. मिस्टरांनी त्याच संध्याकाळी आणून दिला. दुसऱ्या दिवशी लावून निघाले, तर फाटकातच सासूबाई म्हणाल्या, 'सूनबाई, शूटिंगला निघालीस का?' शाळेत दहावीच्या पोरांपैकी कुणीतरी शिट्टी वाजवली. तेव्हापासून गॉगल कपाटात आहे. मला एवढंच सांगा, साडीवर गॉगल बरा दिसतो का? आणि दिसत असेल तर कोणता?"

पत्र वाचून आधी हसू आलं आणि मग वाईट वाटलं. वडस म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावर वाढणारा मांसल पडदा. तो बुबुळाच्या दिशेनं सरकत राहिला तर नजरेच्या आड येऊ शकतो. ऊन, वारा आणि धूळ यांत वर्षानुवर्षं वावरणाऱ्यांना तो जास्त होतो. शेतकरी आणि मच्छीमार हे त्याचे नेहमीचे रोगी. रोज भर उन्हात स्कूटर चालवणाऱ्या बाईंना डॉक्टरांनी दिलेलं औषध घरात येऊन पडलं आहे, पण एका शिट्टीपायी त्या ते घेत नाहीत.

सासूबाईंवर रागावण्यात मात्र अर्थ नाही. आपल्या घरांतून काळा गॉगल तीनच माणसांच्या डोळ्यांवर दिसत आला. एक सिनेमातला हीरो किंवा त्याहून जास्त वेळा खलनायक, दुसरा मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन नुकताच घरी आलेला आजोबा आणि तिसरा, ज्याचे डोळे आले आहेत असा शेजारचा मुलगा. भाजी आणायला, मुलाला शाळेत सोडायला किंवा बँकेत पासबुक भरून घ्यायला निघालेल्या बाईच्या डोळ्यांवर तो कुणी पाहिलेलाच नाही. मग जी लावते ती 'शायनिंग' मारते, असा शिक्का बसतो. उन्हात छत्री घेतली तर कुणी काही म्हणत नाही. छत्री डोकं सांभाळते, गॉगल डोळे सांभाळतो. दोन्ही एकाच कामाच्या वस्तू!

तेव्हा बाईंच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते. साडीवर गॉगल छान दिसतो, फक्त तो साध्या, जुन्या, क्लासिक घडणीचा हवा. पण फ्रेमकडे जाण्यापूर्वी काचेचं बोलायला हवं, कारण खरा धोका तिथे आहे.

आधी काच

आपण दुकानात गॉगल घेतला की पहिल्यांदा काय करतो? डोळ्यांना लावून आरशात बघतो. काच जितकी काळी तितका गॉगल चांगला, असा समज पक्का बसलेला आहे. तो साफ चुकीचा आहे.

उन्हातला जो भाग डोळ्यांना अपाय करतो, तो अतिनील किरणांचा. ते किरण दिसत नाहीत, आणि काचेचा काळेपणा त्यांना अडवतोच असं नाही. त्यांना अडवणारा गुण काचेच्या द्रव्यात किंवा तिच्यावर दिलेल्या लेपात असतो, आणि त्याला स्वतःचा रंग असण्याची गरज नसते. म्हणून अगदी पांढरी, पारदर्शक काचही अतिनील किरण थोपवू शकते आणि एखादी काळी कुट्ट काच त्यांना खुशाल आत सोडू शकते. उलट अशी नुसती काळी काच जास्त वाईट. अंधार वाटला की डोळ्याची बाहुली मोठी होते, आपण डोळे किलकिले करणंही सोडून देतो, आणि किरणांना आत शिरायला दार सताड उघडं मिळतं. त्यापेक्षा उघड्या डोळ्यांनी किलकिलं बघणं परवडलं.

म्हणून गॉगल घेताना पहिला प्रश्न 'यूव्ही ४००' आहे का, हा विचारायचा. ४०० नॅनोमीटरपर्यंतचे, म्हणजे आपल्यापर्यंत पोचणारे सगळेच अतिनील किरण ही काच अडवते, असा त्याचा अर्थ. हा शिक्का पदपथावरच्या गॉगलवरही चिकटवलेला असतो, आणि चिकटपट्टीवर छापायला पैसे पडत नाहीत. तेव्हा चष्म्याच्या नेहमीच्या दुकानातून, पावती घेऊन घ्यावा हे बरं. बऱ्याच दुकानांत किरण मोजायचं लहानसं यंत्र असतं. त्यात काच धरून दाखवा, असं न लाजता म्हणावं. घरात जुना गॉगल असेल तर तोही खुशाल घेऊन जावा. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

दुसरी खूण काडीच्या आतल्या बाजूला शोधायची. चांगल्या गॉगलवर 'कॅट' या इंग्रजी अक्षरांपुढे ० ते ४ यांपैकी एक आकडा असतो. हा काळेपणाचा दर्जा. ३ नंबरची काच समोरच्या उजेडापैकी सुमारे ८ ते १८ टक्केच आत येऊ देते, आणि आपल्या उन्हाळ्याला तीच योग्य. २ नंबरची त्याहून फिकी, ती सकाळ-संध्याकाळच्या किंवा ढगाळ दिवसाच्या कामाची. ४ नंबरची इतकी गडद की ती लावून गाडी चालवायची नसते. स्कूटरवाल्या बाईंनी तिच्या वाटेला जाऊ नये.

आता रंग. करडी आणि हिरवट करडी काच जगाचे रंग फारसे बदलत नाही. सिग्नलचा लाल लाल आणि हिरवा हिरवाच दिसतो. तपकिरी काचेतून रस्त्याचे खाचखळगे जरा ठळक दिसतात, म्हणून पुष्कळ गाडीवाल्यांना ती आवडते. निळ्या, गुलाबी, जांभळ्या काचा फोटोपुरत्या. आणि रात्री गाडी चालवताना कुठल्याच रंगाची काच नको, मग ती 'नाइट ड्रायव्हिंग'ची म्हणून विकलेली पिवळी का असेना.

पोलराइज्ड काचेची सध्या चलती आहे. ओला रस्ता, पुढच्या गाडीची काच, तळ्याचं पाणी यांवरून येणारी तिरीप ती कापते, आणि एकदा सवय झाली की साधी काच नकोशी होते. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवाव्यात. पोलराइज्ड म्हणजे आपोआप यूव्ही ४०० नव्हे, तो प्रश्न वेगळा विचारायचाच. आणि अशा काचेतून मोबाईलचा किंवा स्कूटरच्या डिजिटल मीटरचा पडदा एखाद्या कोनातून काळा दिसतो. मोबाईल बिघडला म्हणून घाबरू नका, तो आडवा करून बघा!

एक जुनी परीक्षा माझ्या फार उपयोगी पडली आहे, तीही मार खाल्ल्यावर. एकदा रस्त्यावरच्या ढिगातून हौसेनं एक गॉगल उचलला. फ्रेम देखणी होती, पण अर्ध्या तासात कपाळ ठणकायला लागलं. चार दिवस मी उन्हालाच दोष देत होते. मग एका जाणत्या चष्मेवाल्यानं तो गॉगल हातभर अंतरावर धरून काचेतून दाराची चौकट बघायला सांगितली आणि गॉगल हळूच डावी-उजवीकडे हलवायला लावला. चौकटीची सरळ रेघ पाण्यात पडल्यासारखी वळवळत होती. काच ओबडधोबड असली की दोन्ही डोळे दिवसभर ती रेघ सरळ करण्यात दमतात. ही परीक्षा बिननंबरच्या कुठल्याही गॉगलची दुकानात उभ्या उभ्या करता येते.

जुने ते टिकले का?

आता फ्रेम. बाजारात दर वर्षी नवे आकार येतात. षटकोनी येतात, बदामी येतात, चपट्या पट्टीसारखे येतात आणि दोन वर्षांत हास्यास्पद होऊन जातात. सत्तर-ऐंशी वर्षं झाली तरी चारच आकार पुन्हा पुन्हा परत येतात. याचं कारण बघायला गेलं तर ते बहुतेक कामासाठी घडवले गेले होते.

सगळ्यात प्रसिद्ध तो एव्हिएटर, ज्याला आपल्याकडे अजूनही सरसकट 'रेबॅन' म्हणतात. उंचावरून उडणाऱ्या वैमानिकांना आभाळातली तिरीप सहन होईना, म्हणून अमेरिकेतल्या बॉश अँड लाँब या कंपनीनं तो तयार केला, आणि १९३७ पासून रे-बॅन या नावानं तो लोकांना मिळू लागला. बारीक धातूची फ्रेम आणि खाली उतरलेली, थेंबासारखी काच. वैमानिकाला मान न हलवता खालच्या यंत्रांकडे बघता यावं आणि तरी डोळा उघडा पडू नये, म्हणून हा उतार. (पुढे १९९९ मध्ये हे नाव इटलीच्या लक्झॉटिकाकडे गेलं.) म्हणजे ज्याला आपण हीरोगिरी समजतो तो आकार मुळात नोकरीवर जाणाऱ्या माणसाचा आहे!

दुसरा वेफेअरर. १९५२ साली रेमंड स्टेगमन या आरेखनकारानं याच कंपनीसाठी तो काढला. धातू सोडून जाड प्लॅस्टिकची फ्रेम, वरून रुंद आणि खाली किंचित निमुळती. १९६१ च्या 'ब्रेकफास्ट ॲट टिफनीज' चित्रपटात ऑड्री हेपबर्नच्या डोळ्यांवरचा काळा गॉगल अनेकांना वेफेअरर वाटतो. प्रत्यक्षात तो लंडनच्या ऑलिव्हर गोल्डस्मिथ यांचा 'मॅनहॅटन' नावाचा गॉगल. पण घराणं एकच म्हणायला हरकत नाही.

तिसरा कॅट-आय, म्हणजे कोपरे वर उचललेला. १९३० च्या दशकात न्यू यॉर्कमध्ये दुकानांच्या दर्शनी खिडक्या सजवणाऱ्या अल्टिना शिनासी या बाईंना, बायकांसाठी चष्म्याच्या फ्रेमी इतक्या नीरस का, असा प्रश्न पडला. व्हेनिसच्या उत्सवातले मुखवटे डोळ्यांपुढे ठेवून त्यांनी ही फ्रेम काढली. चौथा गोल, गांधीजींच्या चष्म्याच्या जातीचा. तो फार थोड्यांना शोभतो, आणि ज्यांना शोभतो त्यांना ते आधीच ठाऊक असतं.

आणि साडीवर गॉगल ही काही आजची टूम नव्हे. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी (१९१९-२००९) यांची छायाचित्रं आठवून पाहा. फिकी शिफॉनची साडी, गळ्यात मोत्यांचा सर आणि डोळ्यांवर मोठा काळा गॉगल. त्यांच्या आई इंदिराराजे या आपल्या बडोद्याच्या, सयाजीराव गायकवाडांच्या कन्या. शिफॉनच्या साडीची आवड देशात रुजवण्याचं श्रेय त्यांनाच दिलं जातं. त्या छायाचित्रांतली जादू कशात आहे, हे मी अनेकदा न्याहाळलं आहे. साडीवर नक्षी नाही, गॉगलवर खडे नाहीत, दागिना एकच. तिन्ही गोष्टी गप्प बसलेल्या आहेत, म्हणून त्या एकमेकींशी भांडत नाहीत. महाराणींचं ऐश्वर्य आपल्याला परवडणार नाही, पण हा गप्पपणा फुकट आहे.

साडी, सलवार आणि स्कार्फ

रोजच्या सुती किंवा सिंथेटिक छापील साडीवर मध्यम मापाचा वेफेअरर किंवा त्याचाच जरा गोलसर भाऊबंद घ्यावा. रंग काळ्यापेक्षा कासवाच्या पाठीसारखा तपकिरी-पिवळा. आपल्या गव्हाळ आणि सावळ्या वर्णावर कुळकुळीत काळी फ्रेम कधी कधी चेहऱ्यावर पट्टी मारल्यासारखी दिसते. तपकिरी फ्रेम त्वचेत मिसळून जाते आणि केसांशी नातं सांगते. गोऱ्या वर्णावर आणि पांढऱ्या केसांवर मात्र काळा रंग देखणा दिसतो.

सोन्याचं मंगळसूत्र, बांगड्या, कानात कुड्या, असा रोजचा थाट असेल तर सोनेरी बारीक धातूची फ्रेमही छान जुळते. तिथे एकच अडचण, टिकलीची. एव्हिएटरला नाकावर दोन आडव्या पट्ट्या असतात आणि वरची पट्टी भुवयांच्या रेषेत येते. टिकली मोठी आणि खाली लावलेली असेल तर टिकली आणि पट्टी यांची गर्दी होते. टिकली बारीक करावी किंवा बोटभर वर लावावी, नाहीतर एकाच पट्टीची फ्रेम घ्यावी. दुकानात जाताना टिकली लावूनच जा, कारण नुसत्या कपाळानं केलेली निवड घरी आल्यावर फसते.

कानातल्यांचंही तसंच. फ्रेम मोठी असेल तर झुमके नकोत, आणि लग्नाला जाताना झुमके घालायचेच असतील तर गॉगल लहान आणि बारीक. हॉलच्या दारात तो काढून पर्समध्ये जाणारच असतो. केसांवर चढवून ठेवण्याची फॅशन मला स्वतःला आवडत नाही. गजऱ्यात काडी अडकते, केसांचं तेल काचेला लागतं आणि काड्या फाकून गॉगल सैल होतो.

सलवार-कमीजवर चारही आकार चालतात, म्हणून तिथे कपड्याच्या छापाकडे बघावं. मोठी फुलं, बांधणी किंवा भडक ब्लॉकप्रिंट असेल तर फ्रेम एकरंगी. कुर्ता साधा असेल तर थोडी मौज करायला, कॅट-आय काढायला हरकत नाही. जीन्स आणि कुर्तीवर एव्हिएटरइतका बिनघोर दुसरा गॉगल नाही. ऑफिसात पांढरा किंवा फिकट शर्ट आणि पँट घालणाऱ्यांनी वेफेअरर घ्यावा आणि विसरून जावं. ओढणीच्या रंगाशी मॅचिंग करून हिरव्या ओढणीवर हिरवी फ्रेम आणि लालवर लाल, असं कृपा करून करू नका. चार गॉगलच्या पैशात एक चांगला येतो.

पुणे, नागपूर, इंदूर इथल्या मैत्रिणींचा खरा उन्हाळी पोशाख म्हणजे चेहऱ्याभोवती घट्ट गुंडाळलेला स्कार्फ आणि वर गॉगल. इथे सौंदर्यापेक्षा यंत्रशास्त्र महत्त्वाचं. काड्या स्कार्फच्या वरून अडकवल्या तर गॉगल प्रत्येक गतिरोधकावर घसरतो. काड्या आत, कानावर, आणि स्कार्फ त्यांच्यावरून असा क्रम हवा. स्कार्फवर हेल्मेट तर हवंच, आणि जाड प्लॅस्टिकची काडी हेल्मेटखाली कानशिलावर रुतते. म्हणून स्कूटरवाल्यांनी बारीक, सरळ काडीची धातूची फ्रेम घ्यावी. संपूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट असेल तर आधी हेल्मेट, मग फटीतून गॉगल.

माप कसं बघायचं?

चेहरा लंबगोल की चौकोनी यावर पानंच्या पानं लिहिली जातात. मी त्या वाटेला फारशी जात नाही. चेहरा गोल असेल तर कोनदार फ्रेम आणि चौकोनी असेल तर गोलसर, एवढं पुरे. त्याहून महत्त्वाच्या गोष्टी तीन. भुवया फ्रेमच्या वरच्या कडेला लागून असाव्यात, काचेच्या मधोमध नव्हे. फ्रेमची रुंदी कानशिलांएवढी असावी. आणि आरशासमोर मनसोक्त हसून बघावं. हसताना गालांनी गॉगल वर उचलला गेला तर तो आपला नाही. आपल्यापैकी पुष्कळांचं नाक डोळ्यांच्या मध्ये बसकं असतं, आणि सरळ प्लॅस्टिकची फ्रेम घसरून गालावर येऊन बसते. अशांनी नाकावर टेकणारी दोन लहान, हलवता येणारी पॅड असलेली फ्रेम घ्यावी. दुकानदार ती दाबून नाकाप्रमाणे बसवून देतो.

काडीच्या आत तीन आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ ५२, १८, १४०. पहिला काचेची रुंदी, दुसरा दोन काचांमधलं नाकावरचं अंतर आणि तिसरा काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. घरात तुमचा नीट बसणारा नंबरचा चष्मा असेल तर त्यावरचे आकडे कागदावर उतरवून न्या. घरबसल्या मागवणाऱ्यांना तर याशिवाय गत्यंतरच नाही.

नंबरच्या चष्म्याचा विषय निघालाच म्हणून सांगते. चष्मा असणाऱ्या बहिणी 'आम्हाला कुठला गॉगल' म्हणून हा लेख उलटून पुढे जातील. त्यांनी थांबावं. आवडत्या फ्रेममध्ये नंबरची रंगीत काच बसवून मिळते. खर्च नको असेल तर चष्म्यावर चिमट्यानं बसणारी काळी काच मिळते. उन्हात आपोआप काळी होणारी काच सोयीची खरी, पण ती अतिनील किरणांनी काळी होते आणि मोटारीची पुढची काच तेच किरण बरेचसे अडवते. त्यामुळे गाडीत बसल्यावर ती पांढरीच राहते, आणि ग्राहक दुकानदाराशी भांडायला जातो!

घरातली बाकीची मंडळी

पुरुषांना गॉगलची लाज नसते, हे त्यांचं भाग्य. २०१० च्या 'दबंग'पासून तो मानेमागे कॉलरला अडकवायचं वेडही येऊन गेलं. चौकड्याचा शर्ट, पँट आणि एव्हिएटर हा त्यांचा सदाबहार मेळ आहे, त्यात ढवळाढवळ करायला मी जात नाही. फक्त मोठ्यांशी बोलताना आणि देवळाच्या पायरीवर तो काढावा, एवढं आईनं शिकवलेलं असतं, ते लक्षात असू द्यावं.

मुलांचं मात्र गांभीर्यानं घ्या. लहान मुलांच्या डोळ्यांतलं भिंग जास्त स्वच्छ असतं, म्हणून अतिनील किरण मोठ्यांपेक्षा जास्त आतपर्यंत पोचतात. जत्रेत मिळणारा खेळण्यातला काळा गॉगल त्यांना दिवसभर लावू देणं म्हणजे वर सांगितलेलं सताड दार उघडणं. त्यापेक्षा रुंद काठाची टोपी घाला. सुट्टीत मनालीला किंवा लेहला जाणार असाल तर घरातल्या प्रत्येकासाठी चांगला गॉगल हवाच. उंची दर हजार मीटरनं वाढली की अतिनील किरण साधारण १० टक्क्यांनी वाढतात, आणि लेह आहे सुमारे साडेतीन हजार मीटरवर. त्यात ताजा बर्फ या किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. समुद्रकाठची कोरडी वाळू फेकते सुमारे १५ टक्के. म्हणजे गोव्याला जो गॉगल चालून गेला तो बर्फात पुरेलच असं नाही. बर्फासाठी बाजूनंही झाकणारा घ्यावा. दिल्ली-ग्वाल्हेरकडच्या मैत्रिणींना हिवाळ्यात स्वेटरवर गॉगल लावणं चमत्कारिक वाटतं, पण थंडी आहे म्हणून सूर्य सुट्टीवर जात नाही.

आता पुन्हा नागपूरकडे. बाईंनी पत्रात मिस्टरांनी आणलेल्या गॉगलचं वर्णनही केलं होतं. निळी, आरशासारखी चमकणारी काच, पांढरी फ्रेम, काड्यांवर कंपनीचं नाव ठळक अक्षरांत. मिस्टरांची माया कळली, पण शिट्टी का वाजली तेही कळलं! दहावीच्या पोरांनी बाईंना नव्हे, त्या आरशाला शिट्टी वाजवली असणार. त्यांना मी असं कळवलं : तो बदलून घ्या. तपकिरी, मध्यम मापाची, नाकाला पॅड असलेली फ्रेम, बारीक काडी, करडी काच, यूव्ही ४००, दर्जा ३. पहिले चार दिवस घरातून लावून निघू नका, कोपऱ्यावर गेल्यावर लावा. पाचव्या दिवसापासून फाटकातूनच. वडसाची तपासणी डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेला करून घ्या, कारण गॉगल ऊन थोपवतो, आधीच वाढलेला पडदा मागे नेत नाही.

आणि सासूबाई दुपारी देवळात जातात, असंही पत्रात होतं. त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दोन वर्षं झाली आहेत आणि उन्हात त्यांच्या डोळ्यांतून पाणी येतं. त्यांनाही डॉक्टरांकडे न्या, आणि डॉक्टर हो म्हणाले तर बदलायला जाल तेव्हा दुकानात सोबत घेऊन जा. चष्म्यावरूनच चढवता येणारा, बाजूनं झाकलेला गॉगल मिळतो.

एक राहिलंच. काच पदरानं पुसू नका. सुती पदरातही धुळीचे कण असतात आणि त्यांचे ओरखडे उठतात. नळाखाली धरून, हाताच्या साबणाचा एक थेंब लावून धुवा आणि मऊ फडक्यानं टिपा. गॉगल उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, काचेवरचा लेप तडकतो.

पुढच्या खेपेला चपलांविषयी. उन्हाळ्यात घाम येणाऱ्या पायांसाठी चामडं बरं की कापड, यावर तुमचे अनुभव जरूर कळवा.